भाच्याचं मागणं

सोवेतबेकच्या घरी त्या हिवाळ्यात रोज सकाळी एकच भांडण व्हायचं, आणि तेही आवाज न चढवता. त्याची आई बुरुल चहाची वाटी हातात धरून म्हणायची, "मला तुर्गुनकडे पोचवून ये रे." सोवेतबेक पावाला लोणी लावता लावता म्हणायचा, "बघू या आई, घाट मोकळा होऊ दे." घाट मोकळाच होता. आमच्या नारीन शहरातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. मुलगा घाटामागे लपत होता, आणि आई ते ओळखून गप्प बसत होती.

तुर्गुनबेक हा बुरुलचा धाकटा भाऊ. बुरुलच्या आधी त्या घरात मुलीच मुली झाल्या होत्या. म्हणून हिचं नाव बुरुल, म्हणजे 'वळ', असं ठेवलं. आता तरी दैवानं वळावं आणि मुलगा द्यावा. पाठोपाठ तुर्गुन झाला. त्यामुळे हा भाऊ आपणच आणला, असं बुरुल लहानपणापासून मानत आली आणि त्याच हक्कानं त्याला रागवत आली. मोठ्या बहिणी एकेक करून गेल्या. आता मागे उरली होती ही दोघंच. ती पंचाहत्तरीची, तो सत्तरी ओलांडलेला.

आमच्यात वडिलांचं घर धाकट्या मुलाकडे राहतं. तुर्गुनबेक घाटापलीकडे कोक-जार गावात त्याच घरात राहत होता. त्याची बायको सालिका शरद ऋतूत गेली. एकुलता मुलगा रशियात ट्रक चालवतो. घरात राहिला म्हातारा, दोन गाई, काही मेंढ्या आणि एक कुत्रा. इकडे बुरुल नारीनमध्ये चौथ्या मजल्यावर. मुलगा ऑफिसात, सून जिपार बालवाडीत शिकवायला, नातवंडं शाळेत. दिवसभर ती एकटीच. खालच्या जिन्यावर बर्फ साचलेला, त्यामुळे बाहेर पडायची सोय नाही. एकदा ती न्हाणीघरात घसरून पडली आणि कितीतरी वेळ तशीच थंडगार फरशीवर पडून राहिली. हाका मारून घसा बसला. शेवटी नळाला धरून कशीबशी उठली. हे तिनं घरात कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं फक्त भावाला, फोनवर, आणि कोणाला सांगू नकोस अशी शपथही घातली.

मग एवढं असताना मुलगा तिला भावाकडे का नेत नव्हता? सोवेतबेक काही वाईट माणूस नव्हता. आईची औषधं कधी चुकवायचा नाही, तिच्यासाठी आतून लोकर लावलेल्या सपाता आणल्या होत्या. पण त्याला भीती वाटायची लोकांची. मुलगा जिवंत असताना आई भावाच्या दारात जाऊन राहिली, तर आमच्याकडे त्याचा एकच अर्थ लावतात, की पोरानं आईला हाकलली. उद्या लग्नात, मयतीत, ऑफिसात चारचौघं कुजबुजतील, या विचारानंच तो रोज घाटाचं निमित्त पुढे करायचा. हसू नका. तुम्हीआम्हीही असंच वागतो, तेव्हा त्याला दोष देताना जरा जपूनच.

मामाला इकडे आणावं, तर मामा येत नव्हता. वडिलांची चूल विझवून भाच्याच्या घरी कोपऱ्यात बसू काय, म्हणायचा. आणि बुरुलनं "मग मीच येते" म्हटलं की लगेच, "आत्ता नको ताई, उन्हाळ्यात ये," असं म्हणून टाळायचा. का टाळतो ते काही सांगायचा नाही. बुरुलला त्याचं वाईट वाटायचं. सालिका होती तोवर माहेर होतं, ती गेली आणि भावाला बहीण जड झाली, असं तिच्या मनात येऊन जायचं. तरी रोज सकाळच्या नमाजानंतर ती त्याला फोन करायची, आणि तो जणू हातात धरूनच बसलाय असा पहिल्या घंटीला फोन उचलायचा.

अलीकडे मात्र त्याचा आवाज तिला आवडेनासा झाला होता. जड यायचा, दारू प्यायल्यासारखा, आणि तुर्गुननं तर आयुष्यात कधी थेंब घेतलेला नाही. सकाळी उठलं की डोकं फुटायला येतं, मळमळतं, पण गुरांना पाणी पाजायला बाहेर पडलो की हळूहळू बरं वाटतं, असं तो म्हणाला. सालिका गेल्यापासून झोपेचं खोबरं झालंय, त्याचाच परिणाम, असं स्वतःच ठरवून मोकळा झाला. वर त्यानंही शपथ घातली, भाच्याला सांगू नकोस, उगाच धावत येईल. अशी ती दोघं एकमेकांची दुखणी सांभाळत बसली होती, मधे घाट ठेवून.

आणि मग एका सकाळी तुर्गुनबेकनं फोन उचलला नाही.

बुरुलनं पुन्हा लावला. वाजत राहिला. गोठ्यात असेल, म्हणून थोडी थांबली. चहा ओतला, प्यायली नाही. परत लावला. परत वाजत राहिला. तिनं तुर्गुनच्या शेजारणीला, कालिचाला फोन लावला. कालिचानं उचलला, पण मागे केवढा तरी गोंगाट. कालिचा सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसह पलीकडच्या खोऱ्यात कुणा मयताच्या वर्षाच्या जेवणाला गेल्या होत्या, कालच. तुर्गुनबेकलाही बोलावणं होतं, पण डोकं दुखतंय म्हणून तो आला नाही, असं त्या म्हणाल्या. सगळी आळी रिकामी होती.

बुरुलनं फोन खाली ठेवला. सकाळी डोकं दुखतं, बाहेर गेलं की थांबतं. हे तिनं कुठं ऐकलं होतं? ऐकलं नव्हतं, पाहिलं होतं. ती लहान असताना त्यांच्याच आळीत एक मेंढपाळाचं घर होतं, त्या घरातलेही सकाळी डोकं धरून बाहेर येऊन बसायचे. कडाक्याच्या थंडीतल्या एका सकाळी त्या घरच्या गाई हंबरत राहिल्या, हंबरत राहिल्या, आणि धार काढायला कोणी आलंच नाही. मोठी माणसं दार तोडून आत गेली. मुलांना कोणी आत जाऊ दिलं नाही. त्या दिवशी बुरुलच्या आईनं तिला घरातल्या भट्टीसमोर बसवून शिकवलं. कोळशावर निळी ज्योत नाचतेय तोवर, ऊब कोंडायची म्हणून, धुराड्याची झडप लोटायची नाही. निळं विझलं, नुसता लाल निखारा राहिला, राख धरली, की मगच लोटायची. नाहीतर जो वायू घरात कोंडतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपलेल्या माणसाला उठू देत नाही.

हे तिला शिकवलं होतं, कारण ती मुलगी होती. आमच्याकडे पुरुष कोळसा फोडतो, बादलीनं आत आणून ठेवतो, आणि तिथे त्याचं काम संपतं. भट्टी बाईची. तुर्गुनला कुणी शिकवलं नव्हतं. आधी आई होती, मग सालिका होती.

"सोवेतबेक," ती म्हणाली, "सालिका गेल्यापासून त्या घरात झडप कोण बंद करतं?"

सोवेतबेक बूट घालत होता. त्याला प्रश्नच कळला नाही. बुरुलनं भराभरा भावाचं दुखणं सांगितलं, त्याची शपथ मोडून. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग त्यानं नेहमीची शब्दांची गोधडी अंगावर ओढून घेतली. फोन चार्जिंगला लावून मामा गोठ्यात गेला असेल. म्हाताऱ्या माणसाचं डोकं दुखतंच. आज ऑफिसात महत्त्वाची बैठक आहे, दुपारपर्यंत फोन आला नाही तर निघू. आणि तू अशी रडत धावत गावात शिरलीस तर लोकांना वाटेल, आमच्या घरात काहीतरी बिनसलंय.

तेव्हा जिपार आतल्या खोलीतून सासूचा जाड कोट आणि लोकरीची शाल घेऊन बाहेर आली. सासूसमोर नवऱ्याला उलटून बोलणारी सून आमच्यात शोधून सापडायची नाही, आणि जिपार तर मुलखाची अबोल. ती सासूच्या अंगावर कोट चढवत खालच्या मानेनं म्हणाली, "गाडीची किल्ली द्या. नाहीतर मी आईंना बसनं घेऊन जाते."

सोवेतबेकनं तिच्याकडे पाहिलं आणि किल्ली खिशातून काढली. पण दिली नाही. स्वतःच जिना उतरायला लागला.

गाडी घाट चढायला लागली. रस्त्यावर बर्फ दाबला जाऊन काचेसारखा झाला होता. पुढे कोळशाचा एक ट्रक रांगत होता आणि त्याला ओलांडायला जागा मिळत नव्हती. बुरुल मागच्या सीटवर फोन कानाला लावून बसली होती. तिकडे घंटी वाजत होती. फोन बंद असता तर परवडला असता. वाजतोय म्हणजे तो त्या घरात वाजतोय, त्याच्या उशाशीच वाजतोय, आणि तरी कोणी उचलत नाही. ती फोन ठेवायची, देवाचं नाव घ्यायची आणि पुन्हा लावायची. मनात ती देवाशी घासाघीस करत होती. तू माझ्या हाकेला हा भाऊ दिलास, आता माझ्याआधी त्याला नेऊ नकोस. मला ने. माझे गुडघे तसेही गेलेत.

सोवेतबेकला काय काय आठवत होतं कोण जाणे, पण एक गोष्ट तो पुढे कित्येकदा सांगायचा, म्हणून मला ठाऊक आहे. आमच्यात भाचा मामाच्या दारी येऊन जे मागेल ते मामानं द्यायचं असतं. नाही म्हणायची सोय नाही. सोवेतबेक नुकता घोड्यावर बसायला लागला होता तेव्हा त्यानं मामाकडे काळं शिंगरू मागितलं होतं. मामाकडे तेवढं एकच चांगलं जनावर होतं. सालिका मामी शिंगराच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मामानं मात्र हसत हसत शिंगराची दोरी भाच्याच्या हातात दिली. त्या चढावर, ट्रकच्या मागे, सोवेतबेकला ती दोरी आठवत होती.

कोक-जार दिसायला लागलं. कालिचाच्या धुराड्यातून धूर नव्हता, ते ठीकच होतं, त्या गावाला गेल्या होत्या. त्यापुढचं धुराडं तुर्गुनबेकचं. त्यातूनही धूर नव्हता.

गाडी थांबली आणि दार उघडताच बुरुलच्या कानावर गाईंचा आवाज पडला. हंबरत होत्या.

ती बर्फातून तशीच दाराकडे निघाली. जिपारनं तिला सावरलं. कुत्रा साखळी ताणून भुंकत होता. बाहेरचं दार आतून कडी लावलेलं. सोवेतबेकनं दार ठोठावलं, मामाला हाका मारल्या, खांद्यानं धक्के दिले. बुरुल ओरडली, "खिडकी फोड! बघत काय बसलायस!" त्यानं फावड्यानं पडवीची लहान खिडकी फोडली आणि काचांतूनच आत उडी घेतली.

तुर्गुनबेक खोलीत नव्हता. तो खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंतच्या बोळकांडीत पालथा पडला होता, एक पाय उंबऱ्याच्या आत, तोंड त्या दाराशी. उलटी होतेय म्हणून उठला असेल आणि तिथवर येऊन कोसळला असेल. त्या दाराखाली फट आहे. सालिका दर वर्षी तिथं चिंध्या कोंबायची. या वर्षी कोंबायला कोणी नव्हतं. त्या फटीतून बाहेरची हवा आत येत होती आणि त्याच्या तोंडावर लागत होती.

सोवेतबेकनं आतून कडी काढली आणि त्यानं नि जिपारनं मामाला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. बर्फावर बुरुलनं आपली शाल पसरली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. चेहरा लालसर, ओठ कोरडे. ती त्याच्या गालावर चापट्या मारत होती, आणि त्याला हाका मारत होती, लहानपणी नदीवर पोहायला गेलेल्याला मारायची तशा. "तुर्गुन! ए तुर्गुन! ऊठ की रे, गाईंची धार काढायचीय!" जिपारनं फोन करून गावच्या दवाखान्यातल्या बाईला बोलावून घेतलं. सोवेतबेक सगळी दारं-खिडक्या सताड उघडत होता आणि लहान मुलासारखा रडत होता.

कितीतरी वेळानं तुर्गुनबेकनं खोल श्वास घेतला, कुशीवर वळून ओकला आणि डोळे किलकिले केले. बहिणीकडे पाहत राहिला.

"मोकळ्या हातानं आलीस?" तो म्हणाला.

माहेरी येताना बाईनं मोकळ्या हातानं यायचं नसतं, निदान कणकेच्या तळलेल्या बोर्सोकांचं गाठोडं तरी आणायचं असतं. बुरुल हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदका आवरेना.

तालुक्याच्या इस्पितळात त्याला प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. सोवेतबेक भिंतीला टेकून उभा होता. दुपारपर्यंत वाट पाहू, असं तो सकाळी म्हणाला होता. ते शब्द त्याला आता कोणी ऐकवले नाहीत. त्याची गरजही नव्हती.

तुर्गुनबेकला घरी आणलं त्या दिवशी कालिचा आणि आळीतली माणसं भेटायला आली. चहा झाला, नवल झालं, सालिकाची आठवण निघाली. जाता जाता कालिचानं बुरुलला विचारलं, "किती दिवस मुक्काम?" वाईट हेतूनं नाही विचारलं. पण विचारलं. आणि खोलीतल्या सगळ्यांना तो प्रश्न टोचला.

माणसं गेल्यावर सोवेतबेक म्हणाला की, मामा, आता मी काही ऐकणार नाही, दोघंही माझ्याबरोबर नारीनला चला. मामानं मान हलवली. गुरं कोण बघेल, आणि बापाच्या घराला कुलूप लावून मी चौथ्या मजल्यावर बसू? मग बुरुलनं तिचं रोजचं वाक्य म्हटलं, मी इथेच राहते. तर भाऊच तिच्यावर उखडला. "नाही. तू राहायचं नाहीस. लोक म्हणतील सोवेतबेकनं आईला माझ्या दारात टाकली. माझ्या भाच्याच्या तोंडाला मी काळं फासू? मी मरेन एकटा, पण ते होऊ द्यायचो नाही."

"म्हणूनच मला उन्हाळ्यापर्यंत टाळत होतास?"

म्हाताऱ्यानं वाटी खाली ठेवली. मग भट्टीकडे पाहत पुटपुटला, "नाही. ते वेगळं." आणि खूप आढेवेढे घेऊन त्यानं सांगितलं. माहेरी आलेल्या बहिणीला परत पाठवताना भावजय तिच्या डोक्याला नवा रुमाल बांधते. सालिका दर वेळी बांधायची. आता घरात रुमाल बांधायला बाई नाही. बहिणीला जुन्या रुमालानं परत पाठवायची, शेजारणींच्या देखत? त्यापेक्षा तिला बोलावूच नये, असं त्यानं ठरवलं होतं. उन्हाळ्यात मुलगा रशियाहून येईल, एखादी पुतणी बोलावता येईल, मग बघू.

बुरुलनं कपाळावर हात मारला. एका रुमालापायी हा माणूस रोज तो विषारी वायू छातीत भरून घेत होता आणि ती तिकडे न्हाणीच्या फरशीवर पडली होती. ते ती बोलून गेली. तेव्हा सोवेतबेकला पहिल्यांदा कळलं की आपली आई पडली होती.

तो जिपारकडे वळला. "तुला माहीत होतं?"

जिपारनं मान हलवली, नाही. मग ती बोलायला लागली, आणि जी बाई सासरी आल्यापासून चार वाक्यं सलग बोलली नव्हती ती थांबेना. "मला माहीत असायला पाहिजे होतं. पण आई आम्हाला सांगत नाहीत, कारण आम्ही काळजी करू. मामा सांगत नाहीत, कारण लोक बोलतील. तुम्ही आईंना आणत नाही, कारण लोक बोलतील. सगळे लोकांनाच धरून बसलेत. त्या दिवशी सकाळी लोक कुठं होते? लोक जेवायला गेले होते! मामांचं धुराडं बंद होतं ते आळीतल्या एकानंही पाहिलं नाही, पाहिलं ते घाटापलीकडच्या बाईनं, नुसत्या आवाजावरून. रोज सकाळी मामांचा आवाज कसा आहे हे ओळखणारं या जगात एकच माणूस आहे. आणि आई पडल्या हे ठाऊक असणारंही एकच माणूस आहे. त्या दोघांना आपण लोकांच्या भीतीनं वेगळं ठेवायचं? लोकांना बोलायला आणखी हजार विषय मिळतील हो. मामांना दुसरी बहीण मिळायची नाही."

जिपारचा चेहरा लाल झाला होता. ती उठली आणि चहाच्या वाट्या गोळा करायला लागली, जणू काही झालंच नाही.

सोवेतबेकला आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. ज्या लोकांना तो इतकी वर्षं घाबरत आला होता त्यांचे चेहरे आठवायचा त्यानं प्रयत्न केला, तर एकही धड आठवेना. आठवत होता तो बोळकांडीत पालथा पडलेला मामा. खरी भीती कशाला म्हणतात हे त्याला आता कळलं होतं! मग तो उठला. मामाच्या समोर येऊन गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात छातीशी धरले, जसा लहानपणी शिंगरू मागताना बसला होता.

"मामा, मी तुमचा भाचा आहे ना?"

"हे काय विचारणं झालं?"

"भाच्यानं मागितलं तर नाही म्हणता येत नाही ना?"

म्हाताऱ्यानं संशयानं पाहिलं. "शिंगरू नाहीये आता माझ्याकडे. दोन गाई आहेत, त्यातली एक भाकड."

"गाय नको. माझ्या आईला तुमच्या घरी ठेवून घ्या. लोकांनी विचारलं तर सांगा, भाच्यानं मागितलं, मी नाही म्हणू शकलो नाही. टाकली नाही कोणी कुणाला. मी मागितलंय."

तुर्गुनबेकला वाद घालायला जागाच राहिली नव्हती. भाच्याच्या मागण्यावर वाद घालणारा मामा आमच्यात अजून जन्माला यायचाय. त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हटलं, "पण जाताना रुमाल..."

"अरे खुळ्या," बुरुल म्हणाली, "मी जाणारच नाही, तर रुमाल कशाला?"

मग तिनं भावाचा हात धरून त्याला भट्टीसमोर बसवलं. कोळशावर निळ्या ज्योती नाचत होत्या. हे दिसतंय ना, म्हणाली, हे आहे तोवर झडपेला हात लावायचा नाही. सत्तरीच्या म्हाताऱ्यानं आज्ञाधारक पोरासारखी मान डोलावली. तिच्या शेजारी सोवेतबेकही येऊन बसला आणि वाकून बघायला लागला, कारण त्यालाही कोणी शिकवलेलं नव्हतं.

आता फोन उलटा येतो. रोज सकाळी सोवेतबेक नारीनहून लावतो आणि तिकडे दोघं फोनसाठी भांडतात. अजूनही एखाद दिवशी घंटी जरा जास्त वाजली की त्याच्या काळजात धस्स होतं, आणि मला वाटतं ती भीती त्याला असू द्यावी, तिनं माणूस जागा राहतो. जिपार दर रविवारी बोर्सोक तळून देते आणि तो घाट ओलांडून जातो. लोक बोलले का? बोलले तर. ऑफिसातल्या एकानं विचारलंच, "ऐकलं, आईला मामाकडे ठेवलीस?" सोवेतबेक म्हणाला, "हो, भाचा म्हणून मामाकडे मागून घेतलं."

तर बंधुभगिनींनो, आपण म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळतो, अन्न देतो, औषध देतो, आणि आपलं कर्तव्य झालं असं समजतो. पण ज्यांच्याबरोबर ती माणसं एका चुलीपुढे लहानाची मोठी झाली, त्या त्यांच्या भावाबहिणींना आपण पाहुणे करून टाकतो, सणावाराला भेटणारे. मुलगी दिली की परक्याची, आणि मुलाची आई झाली की मुलाची, मग बहीण म्हणून ती राहतेच कधी? घराची अब्रू आई कुठल्या छपराखाली झोपते यावर नसते. तिला काय हवं ते आपण विचारतो का, यावर असते. म्हणून आज घरी गेलात की आपल्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा, सकाळी उठल्यावर तुला कुणाचा आवाज ऐकावासा वाटतो? उत्तर आलं, की वाट बघत बसू नका. घाट मोकळाच आहे.